टियर १ म्हणजे भारी की भंगार? मॉडचे नंबर वरून लावायचे की खालून?

माटोळीखालचा_डेव

मंडळी एक प्रश्न आहे, लांब होणार, सांभाळून घ्या. मी आणि एक मित्र मिळून गोडॉटमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) छोटा अ‍ॅक्शन आरपीजी बनवतोय, तोही ऑफिस सुटल्यावर, म्हणजे कधी संपेल ते देवालाच माहीत. लूट पडते, आयटमवर मॉड (म्हणजे आयटम जे जादा गुण देतो ते) येतात, मॉडना टियर (तो गुण किती तगडा त्याची पातळी, लिहिताना टी१, टी२), सगळं नेहमीचंच. आम्ही दोघंही पाथ ऑफ एक्झाइल खेळून बिघडलेले त्यामुळे टी१ म्हणजे सगळ्यात वरचा हे आपोआप ठरलं, त्यावर एकदासुद्धा चर्चा झाली नाही.

आता चवथीला गावच्या घरी सगळे जमलेले. दुपारी जेवणं उरकून मोठी माणसं आडवी झाली, मी लॅपटॉप मावसभावाकडे दिला, बारावीत आहे, म्हटलं खेळ आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. अर्ध्या पाऊण तासाने त्याला एक अंगठी पडली. मी मागून बघतोय, माझ्या छातीत धडधड, कारण तिच्यावर दोन मॉड आणि दोन्ही टी१, एवढं नशीब मला स्वतःला माझ्याच गेममध्ये कधी लाभलेलं नाही. बोटात होती तिच्यावर टी५ आणि टी६. बरं मॉड वेगवेगळे होते, एकीकडे आगीपासून बचाव आणि जीव, दुसरीकडे मंत्राचा वेग आणि असंच काहीतरी, म्हणजे आकडे शेजारी ठेवून काही कळणार नाही. मग पोराने काय बघितलं, तर टियर. म्हणाला, "ह्या दोन्ही टी१ आहेत रे दादा, एकदम सुरुवातीच्या," आणि अंगठी लोहाराच्या भट्टीत. मी ओरडलो तर वर झोपलेले मामा उठले.

चूक त्याची नाही हे मला कळतं. पण मग बरोबर काय? वरून मोजायचं, खालून मोजायचं, की नंबरच काढून टाकायचा? तुम्ही लोक इतके गेम खेळता, सांगा.

आल्ट_दाबून_बघ

अरे डेव, अंगठीबद्दल दोन मिनिटं मौन. पण बदलू नको. टी१ वरचाच ठेव, कारण सांगतो.

पाथ ऑफ एक्झाइल पहिला घे. बुटांवरचा वेग, १० टक्क्यांपासून पाच पाचने चढत ३५ पर्यंत, म्हणजे टियर सहा. आगीचा बचाव, टियर आठ, सगळ्यात वरचा ४६ ते ४८ टक्के. केऑस नावाच्या माराचा बचाव परत सहा. चिलखतावरचा जीव तर १३, आणि तोच जीव अंगठीवर आठच. आता खालून मोजायला लागलास तर बुटावर "टी६" म्हणजे स्वर्ग, आगीवर "टी६" म्हणजे बरंय, आणि चिलखतावर जीव "टी६" म्हणजे लोहाराच्या भट्टीत. प्रत्येक मॉडचा शेवट कुठे आहे ते पाठ असल्याशिवाय आकड्याला काही अर्थच नाही. वरून मोजलं की टी१ वाचलं, संपलं. याच्या वर काही नाही. पहिल्या दिवशी आलेल्या माणसालाही एक वाक्य सांगितलं की पुरतं.

आणि आकडा बघून टियर ओळखू म्हणशील तर तेही नाही. अंगठीवर ७५ जीव म्हणजे टी१, चिलखतावर तोच ७५ म्हणजे टी६. शिवाय हायब्रिड मॉड असतात, चिलखत आणि जीव एकत्र देणारे, त्यांचा जीव साध्या जीवात मिसळून एकच बेरीज दाखवतात, कीबोर्डवरची आल्ट कळ दाबल्याशिवाय काय कुठून आलं कळत नाही. म्हणून तर टियर दाखवायचा.

एपॉक_वास्को

आल्टभाऊ तुमची गोम इथेच आहे. प्रत्येक मॉडला वेगवेगळे टियर ठेवलेत म्हणून उलटं मोजावं लागतंय. लास्ट एपॉकमध्ये आयटमवरच्या नेहमीच्या अ‍ॅफिक्सना (तिथे मॉडना हेच म्हणतात) सात टियर, सरसकट. टी७ म्हणजे छप्पर. त्यातले पाचपर्यंत स्वतः क्राफ्ट करून चढवता येतात, सहा आणि सात पडावेच लागतात. आकडा मोठा म्हणजे माल मोठा, लेव्हलसारखा, डॅमेजसारखा, सगळ्या गेममध्ये बाकी सगळंच तसं असतं मग एकट्या टियरने काय पाप केलंय. कुठली लूट दाखवायची त्याचा फिल्टर लिहितानासुद्धा "टियर ६ किंवा जास्त" असं लिहायचं, सरळ डोक्यात शिरतं.

आणि मुख्य म्हणजे, खालून मोजलं की वर मजला चढवता येतो. त्यांनी नंतर प्रायमॉर्डियल आयटम आणले तेव्हा टी८ दिला, कोणाच्या जुन्या टी७चं नाव बदललं नाही. तुमच्या पद्धतीत वरती एक टियर घातला की कालचा टी१ आज टी२. सगळे गाईड, सगळे व्हिडिओ, स्टॅशमधल्या (आयटम साठवायच्या पेटीतल्या) टॅबना दिलेली नावं, सगळं एका रात्रीत खोटं. टॉर्चलाइट इन्फिनिटमध्ये बघा टी१च्या डोक्यावर टी० बसलाय. उद्या त्याच्याही वर काय घालणार, वजा एक?

आणि तुमच्याच गेममध्ये मॅप, म्हणजे लढायला जायच्या जागा, टी१ ते टी१६, तिथे १६ कठीण आणि १ सोपा. एकाच स्टॅशमध्ये टी१६ मॅप भारी आणि टी१ मॉड भारी. मला एक्झाइल शिकवणारा मित्र हे सांगताना स्वतःच तीनदा अडखळला होता.

आल्ट_दाबून_बघ

मॅपचं मान्य. त्याला उत्तर नाही.

पण खालून मोजणारेही धुतल्या तांदळाचे नाहीत रे. तू वास्कोचा ना, मुरगाव बंदरावरचे वादळाचे बावटे आठव. एक ते अकरा. आकडा वाढला की धोका वाढला, दहा म्हणजे महाभयंकर. मग अकरा म्हणजे काय, त्याहून मोठं वादळ? नाही. अकरा म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला. मजल्यावर मजला चढवायला लागलं की शेवटी असलं काहीतरी गच्चीवर जाऊन बसतं.

एपॉक_वास्को

हाहा हे माझ्या आजोबांना सांगतो, जन्मभर होडीवर होते. पण त्यांना विचारलं तर म्हणतील तीन नंबरचाच लागला तरी होडी ओढून वर घे, तुझ्या दहा अकराची वाट कोण बघतंय.

काजूबी_डिचोली

मी गेम फार खेळत नाही, नवरा खेळतो, त्याने हा धागा दाखवला म्हणून लिहिते. मी काजूच्या कारखान्यात हिशेब बघते. आमच्याकडे हा प्रश्न रोज येतो. काजूगराची ग्रेड डब्ल्यू १८०, २१०, २४०, ३२० अशी असते, आणि आकडा जेवढा लहान तेवढा गर मोठा आणि महाग. १८० म्हणजे राजा. दुकानात आलेलं गिऱ्हाईक दर वेळी तेच विचारतं, हे ३२० वाले स्वस्त कसे, जास्त चांगले असायला हवेत ना. मग मी सांगते की एका पौंडात किती गर बसतात तो हा आकडा. मोठे गर असतील तर कमी बसणार. हे एकदा कळलं की माणूस परत कधी विचारत नाही, उलट पुढच्याला स्वतः समजावतो. समोर दोन्ही गर तळहातावर ठेवले तर बोलायचीसुद्धा गरज पडत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच, लहान आकडा चांगला की मोठा हे लोक शिकतात. पण आमचा १८० हा कशाचा तरी मोजलेला आकडा आहे. तुमचा टी१ कशाचा आहे? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला "पहिला." मी म्हटलं कुठून पहिला, तर गप्प.

आल्ट_दाबून_बघ

वहिनी तुम्ही पाच ओळीत जे बोललात ते आम्ही रात्ररात्र भांडून बोललो नसतो. नवऱ्याला नमस्कार सांगा.

रून_शोधतोय_अजून

तुम्ही पोरं नंबरवर भांडताय, आम्ही डायब्लो टू पणजीतल्या एका सायबर कॅफेत खेळायचो, तासाच्या हिशोबाने पैसे, पावसात वीज गेली की त्या तासाचे पैसेही गेले, आणि तिथे टियर नावाचा प्रकार स्क्रीनवर कुठेच नव्हता. आयटमला नाव असायचं. जीव देणारे मॉड म्हणजे जॅकल, फॉक्स, वुल्फ, टायगर असे चढत चढत व्हेलपर्यंत. कोल्हा १ ते ५ जीव देणार, देवमासा ८१ ते १००. आयटमवर कुठला जनावर आला ते बघायचं. हत्यारावर "क्रूएल" शब्द दिसला की कॅफेतला मालकसुद्धा उठून बघायला यायचा. नंबर कोणाला पाहिजे. (रूनना, म्हणजे आयटममध्ये बसवायच्या दगडांना, नंबर होते म्हणा, एल पहिला, झॉड तेहतिसावा, आणि तिथे मोठा आकडा भारी. झॉड मला अजून पडलेला नाही. पंचवीस वर्षं होत आली.)

एक्झाइलमध्येही नावं आहेत, फक्त तुम्ही वाचत नाही. बुटांच्या वेगाचे सहा टियर म्हणजे रनर, स्प्रिंटर, स्टॅलियन, गझेल, चीता आणि सगळ्यात वर हेलियन. पळणारा माणूस, घोडा, हरीण, चित्ता. यात टियर किती आणि वरून की खालून हे कोणी विचारणार नाही.

एपॉक_वास्को

चित्त्यापर्यंत ठीक आहे काका, पण हेलियन म्हणजे काय ते मला आत्ता शोधावं लागलं. आणि तुमच्या डायब्लो टूमधल्या रंगांचं काय, थंडीच्या बचावाला अझ्युअर, लॅपिस, कोबाल्ट, सफायर. चारही निळे! कुठला निळा भारी ते सोनाराला विचारायचं का.

रून_शोधतोय_अजून

ते मात्र खरं. आम्हीही कॅफेच्या भिंतीवर कागद चिकटवला होता.

साखळीची_बाई

मी शाळेत मराठी शिकवते आणि घरी डायब्लो फोर खेळते, दोन्ही गोष्टी एकमेकांपासून लपवून. इथे एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

वर्गात "पहिला आला" म्हटलं की सगळ्यात हुशार. "पहिलीत आहे" म्हटलं की सगळ्यात लहान. दोन्हीकडे पहिलाच. कोणत्याही मुलाचा यात कधी गोंधळ होत नाही, कारण आपण शब्द वेगळा वापरतो. नंबर वरून मोजतात, यत्ता खालून मोजतात. पायरी खालून, मजला खालून, लेव्हल खालून. क्रमांक वरून, मान वरून, पंगतीतलं पहिलं पान वरून. मराठी माणसाला आकडा ऐकायच्या आधीच शब्दावरून कळतं की कुठून मोजायला सुरुवात केलीय. "टियर" या शब्दाला आपल्याकडे दिशाच नाही. तो इंग्रजीतून नुसता उचलून आणलाय, त्याच्यामुळे ज्याने जो गेम आधी खेळला त्याने तीच दिशा धरली. डेवभाऊ, तुमच्या मावसभावाने "सुरुवातीच्या" असा शब्द वापरला ना? त्याने टियरचं मनातल्या मनात यत्ता करून टाकलं. तुम्ही दोघांनी नंबर केलं होतं.

तेव्हा वरून की खालून हे नंतर ठरवा, आधी स्क्रीनवर शब्द कुठला लिहिणार ते ठरवा. गेम मराठीत करताय की नाही ते तुम्ही सांगितलं नाहीत.

डायब्लो फोरबद्दल एवढंच, तिथे २०२४च्या मे महिन्यात लूट सगळी बदलली तेव्हा ग्रेटर अ‍ॅफिक्स आणले, नेहमीच्या कमालीच्या दीडपट, आणि त्यांना आकडा न देता शेजारी चांदणी लावली. चांदणी आहे म्हणजे ठेवा. दुसरीतल्या मुलाच्या वहीवर पण मी तेच करते.

आल्ट_दाबून_बघ

बाई, चांदणी चालते कारण तिथे मधलं काही सांगायचंच नाही. आहे किंवा नाही. आठ पायऱ्या असतील तर आठ चांदण्या काढणार का, आकाश होईल. पण शब्दाचा मुद्दा कडक आहे, मी माघार घेतो. अर्धी.

माटोळीखालचा_डेव

गेम मराठीतच करतोय, इंग्रजी नंतर. आणि हे वाचून मी काल रात्री मित्राला फोन केला, म्हटलं "पायरी" लिहूया. तो म्हणाला पायरी म्हटलं की मला आंबा दिसतो. म्हटलं दिसू दे, मग तो म्हणतो नाही रे, गोंयकाराला पायरी म्हणजे दुसऱ्या नंबरचा माल, मानकुराद असताना पायरी कोण खातो, सगळी लूट डाऊन मार्केट वाटेल. अर्धा तास आंब्यावर गेला. शेवटी पायरीच ठेवली.

आता अडचण आल्टची ती पहिलीच. खालून मोजायचं म्हणजे बुटाची सहावी शेवटची, आगीची आठवी शेवटची. सगळ्यांना सात करायचं म्हटलं तर आमचं गणित बिघडतं, वेगाला पाच पाच टक्क्यांच्या सहाच पायऱ्या नीट बसतात, ओढून सात केल्या तर मधे कुठेतरी अडीच टक्क्याची पायरी येते जी कोणाला जाणवणारच नाही.

नल_पॉइंटर_पर्वरी

मग दोन्ही आकडे लिही ना. "पायरी ६/८". कुठे आहे आणि किती बाकी आहे, दोन्ही एकदम. शेवटची असेल तर रंग बदल, आणि नुसता रंग नको, एखादं चिन्हही लाव, लाल हिरवं न दिसणारी माणसं पुष्कळ असतात. वर नवी पायरी घातलीस तर ६/६ चं ६/७ होईल. सहावी सहावीच राहिली, फक्त वर एक आली, आणि खरंच तेवढंच तर झालेलं असतं.

आणि एक, हे आताच कर नंतर रडशील. डेटामध्ये जे साठवतोस आणि स्क्रीनवर जे दाखवतोस ते एक ठेवू नको. आत प्रत्येक मॉडला स्वतःची कायमची ओळख दे, क्रम वेगळ्या खणात ठेव, तोही १० २० ३० असा, म्हणजे मधे काही घुसवायचं झालं तर २५ देता येतं. पायरीचा नंबर दाखवायच्या वेळी मोजून काढ. आमच्याकडे ऑफिसात (गेम नव्हे, कंटाळवाणं बिलिंग) कोणीतरी श्रेणीचा नंबर हीच ओळख म्हणून वापरली होती, नंतर मधे एक श्रेणी आली आणि तीन आठवडे आम्ही सगळे फक्त नंबर सरकवत बसलो होतो. तू सेव्ह फाईलमध्ये टी१ असं लिहून ठेवलंयस की काय?

माटोळीखालचा_डेव

...

हो.

नल_पॉइंटर_पर्वरी

कळलंच मला.

आल्ट_दाबून_बघ

६/८ ला माझा विरोध एकच, गर्दी. सहा मॉडचा आयटम, प्रत्येकापुढे दोन आकडे तिरकी रेघ, त्यात मॉडची स्वतःची रेंज ४६ ते ४८, त्यात प्रत्यक्ष पडलेला आकडा ४७. इन्कम टॅक्सचा फॉर्म वाटेल. आल्ट दाबल्यावरच दाखव. न दाबता फक्त शेवटच्या पायरीची खूण.

आणि पायऱ्यांच्या रेंज एकमेकांवर चढू देऊ नको. ४६ ते ४८, त्याच्या खाली ४२ ते ४५, असं तुटक. सातवीतला हुशार आठवीतल्या ढ पेक्षा पुढे जायला लागला की मग पायरी कुठूनही मोज, खोटीच.

काजूबी_डिचोली

आमच्याकडे ग्रेडमध्ये तुकडा गर आला तर तो वेगळाच काढतात, त्याची ग्रेडही वेगळी. हे रेंजचं वाचून आठवलं.

रून_शोधतोय_अजून

नावं तरी घाला रे सोबत. जीवाच्या मॉडला मासे घ्या. तारलो, बांगडो, इसवण, मोरी. गोव्यातल्या कुठल्या पोराला सांगावं लागेल की इसवण बांगड्याहून मोठी? बाजारात आईबरोबर गेलेला असतोच.

एपॉक_वास्को

काका हे एक नंबर. म्हणजे वरून एक नंबर.

माटोळीखालचा_डेव

अपडेट देतो, पंधरा दिवस झाले. सेव्ह फाईलचं सगळं उपटून परत लावलं, दोन रविवार त्यात गेले, नलला शिव्या आणि आभार दोन्ही. आता स्क्रीनवर नुसतं नाव आणि आकडा, शेवटची पायरी असेल तर छोटी समई पेटलेली. आल्ट दाबलं की "पायरी ८/८, ४६ ते ४८". मासे घातले. आगीच्या बचावाला अजून नावं सुचत नाहीत, आठ हवीत, मित्र म्हणतो फेणीच्या कडकपणावरून ठेवूया, बघू.

मावसभाऊ शनिवारी आला होता. काही न सांगता खेळायला बसवला. अंगठी पडली, समई दिसली, त्याने आल्ट दाबलं नाहीच, सरळ बोटात घातली. पुढे एक कमरपट्टा आला "इसवणीचा", तर थांबला आणि म्हणाला मोरीचा पडेपर्यंत हाच ठेवतो. मोरी आहे हे मी त्याला कुठेच सांगितलेलं नव्हतं, वर काहीतरी मोठं असणार हे त्याने धरूनच चाललं.

एकच घोळ झाला. आगीचा एक मॉड ६/८ आणि बुटाचा ५/६, यातलं भारी कुठलं असं त्याने विचारलं, मी समजवायला लागलो की ते दोन वेगळे जिने आहेत, त्यांची तुलना होत नाही, तर म्हणाला मग होत नाही तर दोघांनाही पायरीच का म्हणता. बाई, याचं उत्तर तुम्ही द्या.

आणि चवथीला भट्टीत घातलेली अंगठी त्याला परत पाहिजे म्हणतोय. जुनी सेव्ह फाईल तर मी स्वतःच उडवली.